साडेसातचं ग्रहण

दाजींनी आयुष्यात पुष्कळ नोटिसा लिहिल्या, पण लोकांनी मनावर घेतलेली नोटीस एकच. आणि ती नेमकी पाण्याबद्दल नव्हती.

एरवी दाजींची नोटीस म्हणजे पाण्याचीच. पाणीपुरवठा खात्यात ते इतकी वर्षं होते की 'दुरुस्तीच्या कामास्तव पुरवठा बंद राहील, नागरिकांनी सहकार्य करावे' हे वाक्य त्यांना झोपेतसुद्धा विरामचिन्हांसकट म्हणता येई. ते राहत त्या इमारतीच्या जिन्याखाली एक फळा होता. त्यावर दाजींचं टपोरं अक्षर दिसलं की रहिवासी मजकूर वाचत उभे राहत नसत. थेट घरी जाऊन बादल्या भरायला घेत. दाजींचं अक्षर म्हणजे काहीतरी बंद होणार, एवढं त्यांना पुरे होतं. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळ या बादल्यांत आहे.

दाजी हे काही त्यांचं नाव नव्हे. त्यांचा धाकटा मेहुणा शिकायला त्यांच्याकडे राहत असे, तो दाजी म्हणे, म्हणून शेजारी दाजी म्हणू लागले. पुढे मेहुणा शिकून मोठा झाला, विद्यापीठात प्रसारमाध्यमं आणि लोकप्रिय संस्कृती शिकवू लागला, आणि वेगळं घर करून गेला. दाजी मात्र साऱ्या इमारतीच्या बहिणीचा नवरा होऊन मागे राहिले.

अशात खात्यात जनसंपर्क अधिकाऱ्याची जागा निघणार अशी कुणकुण लागली. त्या जागेला स्वतंत्र खोली होती आणि खोलीला दार होतं. आयुष्यभर उघड्या टेबलावर बसलेल्या माणसाला दाराचं काय वाटतं ते दारवाल्यांना कळायचं नाही. अट एकच, माध्यमांतली पदव्युत्तर पदवी. दाजींनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर प्रवेश घेतला. प्रबंधाला मार्गदर्शक कोण मिळावा? मेहुणा.

"दाजी, इथे मी तुमचा मेहुणा नाही," पहिल्याच भेटीत त्याने विभागातल्या आपल्या खोलीत बजावलं. "आणि घरी मी तुमचा मार्गदर्शक नाही."

ही वाटणी ऐकायला सोपी होती. पण मेहुणा दर रविवारी ताईकडे जेवायला येई, आणि त्याच्या तोंडात घास असताना दाजींनी दुसऱ्या प्रकरणाचा विषय काढला की म्हणे, "वेळ घेऊन विभागात या." विभागात वेळ घेऊन गेलं, की सर तासभर लाल शाई चालवत आणि शेवटी सांगत, "ताईला म्हणावं, परवा मीठ जरा जास्त पडलं होतं."

पहिला मसुदा सरांनी परत केला. त्यावर एवढंच लिहिलं होतं, 'यात प्रेक्षक कुठे आहेत?' दाजींना ते लागलं. एवढे जाडजाड सिद्धांत गोळा केल्यावर आणखी प्रेक्षक कशाला?

"महिनाअखेरीस बाहेरून परीक्षक येतील. त्यांच्यापुढे सादरीकरण," सर म्हणाले. "तोवर लोकांच्या घरात जाऊन बसा. नाहीतर मला नाइलाजाने नापास लिहावं लागेल."

हे घरी कळलं तेव्हा दाजींच्या बायकोने कणीक मळता मळता विचारलं, "माझ्या भावानं तुम्हाला नापास केलं, तर मी कोणाच्या बाजूनं बोलायचं, तेवढं आत्ताच सांगून ठेवा. आयत्या वेळी मला जमायचं नाही."

म्हणजे प्रकरण नुसत्या दाराचं राहिलं नव्हतं.

अभ्यासाच्या भाषेत प्रेक्षक मालिका नुसती बघत नाही. तो तिचं 'ग्रहण' करतो. म्हणजे दाखवणाऱ्याने दाखवलं, बघणाऱ्याने ते कसं घेतलं, हा अभ्यास. दाजींना हा शब्द फार आवडला. त्याला वजन होतं. घेण्याविषयी त्यांचा स्वतःचा सिद्धांतही तयार होता आणि तो थेट खात्यातून आला होता: प्रेक्षक म्हणजे गच्चीवरची टाकी. वरून सोडाल ते तिच्यात भरतं. टाकी स्वतः काही करत नाही. प्रबंधाचं नाव ठरलं, 'साडेसातच्या मालिकेचे ग्रहण: एका इमारतीतील निष्क्रिय प्रेक्षकांचा अभ्यास'.

मालिकेला नाव होतं, पण इमारतीत तिला 'साडेसातची' एवढंच म्हणत. त्या दिवसांत तिची नायिका, म्हणजे घरातली धाकटी सून, सासरच्यांच्याच बर्फाच्या कारखान्यात कोंडली गेली होती. त्याला तीन आठवडे झाले होते. तिला अजून शिंकसुद्धा आली नव्हती, पण इमारतीला हुडहुडी भरली होती.

मग दाजींनी नोटीस लिहिली. नमुना डोक्यात तयारच होता:

'सर्व रहिवाशांस कळविण्यात येते की, साडेसातच्या मालिकेचे ग्रहण हे काम हाती घेण्यात आले आहे. ग्रहणकाळात घरोघरी येऊन पाहणी करण्यात येईल. होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. रहिवाशांनी सहकार्य करावे.'

गैरसोयीचं वाक्य लिहायचं नव्हतं. पण हात आपोआप तिथवर गेला.

नोटीस लागून अर्धा तास झाला नसेल, पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी दाजींना जिन्यातच गाठलं. काकू म्हणजे इमारतीचं वृत्तखातं.

"दाजी, कधीपासून?"

"परवापासून हात घालतो, काकू."

"आणि कुठवर?"

"महिनाअखेरीस गुंडाळायचंय सगळं. वरून मुदत आली आहे."

काकूंनी कठड्याचा आधार घेतला. "सगळं? अहो, धाकटी अजून बर्फात आहे!"

"असू दे की. बर्फात असली काय नि उन्हात असली काय, माझ्या कामात फरक पडत नाही."

"तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"वाटून घेऊन चालत नाही, काकू. आम्हाला तटस्थ राहावं लागतं."

"पण वर म्हणजे कोण? हे आहे कोणाच्या हातात?"

"विभागाच्या," दाजी छाती किंचित पुढे काढून म्हणाले. "सर बघतील, मग बाहेरून एक बाई येणार. त्यांनी एकदा सही केली की संपलं."

काकू तडक वर गेल्या. आपल्या संशोधनाची त्यांच्या मनावर छाप पडली, असं दाजींना वाटलं. छाप पडली होती हे खरं. संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीला ठाऊक झालं, की साडेसातच्या मालिकेला ग्रहण लागलं आहे, ती महिनाअखेर बंद होणार, आणि बंद करणारे खुद्द दाजी आहेत. कोणाला आश्चर्य वाटलं नाही. पाण्यानंतर माणूस दुसरं काय बंद करणार?

मधे एक अडथळा आला. विभागातल्या कारकुनाला दाखला हवा होता, की हे प्रेक्षक याच इमारतीत राहतात. तो इमारतीच्या सेक्रेटरींनी द्यायचा. सेक्रेटरी निवृत्त हिशेबतपासनीस. ते म्हणाले, असा अभ्यास खरोखर चालू आहे असं विभागाचं पत्र आणा, मग देतो. विभाग म्हणाला, दाखला आल्याशिवाय अभ्यास चालू झाला असं म्हणता येत नाही. या येरझाऱ्यांत दुसरा कोणी चिडला असता. दाजी हरखले. आपण लोकांना इतकी वर्षं कसं वागवलं हे त्यांना प्रथमच समोरून बघायला मिळत होतं, आणि काम खरोखरच चोख होतं. अखेर दोन्ही कागद एकाच दिवशी, एकमेकांचा हवाला देऊन निघाले.

पहिली पाहणी काकूंकडे. दाजी सव्वासातला पोचले तर घरातली झाडून सगळी माणसं इस्त्रीचे कपडे घालून ओळीत बसलेली. चहा पाहुण्यांच्या कपांत आला. मालिका सुरू झाली आणि कोणी हललं नाही, बोललं नाही, पापणीसुद्धा नाइलाज झाला तरच मिटली.

"एरवी बघताना तुम्ही काय काय करता?" जाहिरात लागल्यावर दाजींनी विचारलं.

"काही म्हणजे काही करत नाही," काकू घाईने म्हणाल्या. "नुसतं बघतो. असा प्रेक्षक त्यांना शोधून सापडणार नाही, हे तेवढं वर कळवा हो."

दाजींच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. निष्क्रिय! सिद्धांतात वर्णन केला आहे तस्सा! पुढच्या बिऱ्हाडात तेच, त्याच्या पुढच्यात तेच. अख्खी इमारत परीक्षेला बसल्यासारखी मालिका बघत होती आणि दाजी टाकीमागून टाकी मोजत होते.

एकटे सेक्रेटरी वेगळे निघाले. "हे काम हाती घेतलंत ते उत्तमच," ते म्हणाले. "कारखान्याच्या दाराला सोमवारी बाहेरून कडी, बुधवारी कुलूप. वीज गेली म्हणतात आणि मागे पंखा फिरतोय. ही काय पद्धत झाली?"

"मग बघता कशाला?"

"म्हणजे? चुका काढायला कोणीतरी नको का?"

मालिका बंद झाली तर आपण रोज साडेसातला तपासणार काय, हा विचार त्यांना त्या रात्री प्रथमच शिवला, आणि दुसऱ्या दिवशी ते चुपचाप काकूंच्या गोटात सामील झाले.

तळमजल्यावरच्या दंतवैद्यांनी तर हात झटकले होते. "आमच्याकडे बातम्यांशिवाय काही लागत नाही." तरी नियमाला धरून दाजी साडेसातला दवाखान्यात डोकावले. भिंतीवर टीव्ही होता, रुग्णाचं मन रमावं म्हणून. फक्त तो रुग्णाच्या पाठीमागे होता आणि डॉक्टरांच्या समोर. खुर्चीत एक गृहस्थ आ वासून पडले होते. पडद्यावर साडेसातच्या मालिकेतल्या दुष्ट आत्याबाई बोलू लागल्या की यंत्र थांबे, जाहिरात लागली की डॉक्टर भानावर येऊन म्हणत, "हं, चूळ भरा."

दाजींच्या लक्षात एक गोष्ट येत नव्हती, ती बायकोच्या आली. सगळीकडे बघून झालं, पण आपल्या घरी काही ते बसले नव्हते; तिथे हितसंबंध गुंतलेले असतात असं पुस्तकात होतं.

"लोक काहीतरी भलतंच समजलेत बरं का," ती म्हणाली. "काकू मला काल म्हणाल्या, तुमच्या यांना समजावून सांगा, घरात तुमचं ऐकत असतील तर."

"सिद्धांत सगळ्यांना कळत नाहीत," दाजी म्हणाले. "आणि मला साडेसातच्या आत निघायचंय."

"आज कोणाकडे?"

"कोणाकडे नाही. म्हणजे... कोणाकडेही. धाकटीच्या दाराशी काल पावलं वाजली होती." मग सावरून म्हणाले, "नोंदीत खंड पडलेला चालत नाही."

सादरीकरणाचा दिवस उजाडला. चित्रं दाखवायचं यंत्र कपाटात होतं आणि कपाटाची किल्ली रजेवर असलेल्या माणसाकडे, म्हणून दाजींनी फळ्यावर खडूने टाकी काढली. समोर सर, आणि सरांच्या शेजारी बाहेरच्या परीक्षक बाई: बुटक्या, जाड चष्म्याच्या, निवलेला चहा पुढ्यात घेऊन बसलेल्या. सर एकदाही दाजींकडे बघत नव्हते. नापास लिहायचं झालं तर बहिणीला काय सांगायचं याची ते बहुधा मनात जुळवाजुळव करत होते.

"तर प्रेक्षक हा असा असतो," दाजींनी खडू टाकीवर ठेवला. "मी घरोघरी पाहिलं. माणसं हलत नाहीत. बोलत नाहीत. मालिका आत येते आणि साठते."

"साठते," बाई म्हणाल्या. "कोणी उलटून बोललं नाही? कोणी शिव्या घातल्या नाहीत? असं झालं असतं तर, असं कोणी म्हणालं नाही?"

"एकही नाही."

"तुमच्या इमारतीत माणसंच राहतात ना?"

सरांनी डोळे मिटले. दाजींच्या हातातला खडू मोडला. दार, खोली, रविवारचं जेवण, सगळं एकदम त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. आणि त्याच वेळी बाहेरच्या बोळात पायांचा आवाज आला.

आधी काकू आत आल्या. त्यांच्या मागे फलक: 'धाकटीला बाहेर काढा, मगच काय ते करा'. फलकामागे सेक्रेटरी, हातात पत्ता असलेलं विभागाचं पत्र. मग दंतवैद्य, अंगावर पांढऱ्या कोटासकट, आणि त्यांच्या मागे अर्धवट काम झालेला रुग्ण, तोंडात कापूस कोंबलेला. डॉक्टर जातील तिकडे जाण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हतं. दाराशी उरलेली इमारत.

"बाहेरच्या बाई त्या तुम्हीच ना?" काकूंनी थेट विचारलं. "सही करू नका!"

"कसली सही?"

"मालिका बंद करायची. यांनी नोटीस लावलीये, महिनाअखेर ग्रहण म्हणून. आम्ही तोंडातून चकार शब्द न काढता बघून दाखवली, इस्त्रीचे कपडे घालून! आणखी काय करायचं माणसांनी?"

सगळ्यांत आधी प्रकाश सरांच्या डोक्यात पडला. विभाग, मार्गदर्शक, वाटणी, सगळं विसरून ते ओरडले, "दाजी! नोटिशीत तुम्ही 'बंद' लिहिलंत?"

"नाही हो सर! 'सहकार्य करावे' लिहिलं."

"अगंबाई, हा तर आपला धाकटा!" काकूंना आता सर नीट दिसले. "अरे, परीक्षेच्या दिवसांत अभ्यास सोडून आमच्याकडे येऊन टीव्ही बघायचास, हातातला रिमोट सोडायचा नाहीस, आणि आज तूच बंद करायला निघालास? लाज कशी वाटत नाही रे?"

सरांचे कान लाल झाले. परीक्षक बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. निवलेला चहा एका घोटात संपवला आणि खुर्ची लोकांकडे वळवली.

"बसा सगळे," त्या म्हणाल्या. "मला सांगा, धाकटीला बाहेर कोणी काढावं?"

मग जे झालं त्याला चर्चासत्र म्हणता येणार नाही. काकूंच्या मते धाकटीने बाहेर आल्यावर नवऱ्याकडे पुन्हा जायचंच नाही, कारखाना स्वतः चालवायचा. दंतवैद्यांच्या मते आत्याबाई दुष्ट नव्हत्याच. त्या दातओठ खातात ते जुन्या दाढेमुळे. सेक्रेटरींनी कडी आणि कुलपाचा प्रश्न काढला. कापूसवाले गृहस्थ दोन्ही हातांनी काहीतरी अत्यंत महत्त्वाचं सांगत होते. बाई एकाला थांबवून दुसऱ्याला विचारत, हसत, भराभर लिहून घेत. फळ्यावरची टाकी काकूंच्या पदराने केव्हाच पुसली गेली होती.

"काही असो," सेक्रेटरी म्हणाले, "त्या कुलपाची किल्ली आत्याबाईंच्या कमरेला आहे, हे उघड आहे."

"छे छे छे!" कोणीतरी कडाडलं. "आत्याबाई नाहीत हो, कारखान्याचा मुनीम! मंगळवारी त्या देवळातून आल्या तेव्हा कमरेला किल्ली होती, जिना चढताना नव्हती. मधे कोण भेटलं? मुनीम! आणि त्याच्या कोटाचा खिसा फुगलेला दाखवला, तो काय उगीच? त्या पोरीचा बिचारीचा..."

सगळ्यांनी वळून पाहिलं. बोलणारे दाजी होते.

"तटस्थ पाहणी ती हीच का?" परीक्षक बाईंनी मृदूपणे विचारलं.

दाजींनी मोडक्या खडूकडे पाहिलं आणि खाली बसले.

बाईंनी अहवाल तिथेच लिहिला आणि मोठ्याने वाचला. अभ्यासकाचं गृहीतक सपशेल कोसळलं आहे. ते कोसळताना प्रत्यक्ष बघण्याचा योग परीक्षकांना इतक्या वर्षांत प्रथमच आला. शीर्षकातून 'निष्क्रिय' हा शब्द काढावा. आज इथे जे झालं ते जसंच्या तसं तिसऱ्या प्रकरणात घालावं. उत्तीर्ण. शेवटी शेरा होता: 'अभ्यासकाला स्वतःलाच ग्रहण लागले आहे. खग्रास. हेही प्रबंधात यावे.'

"म्हणजे बंद होणार नाही ना?" काकूंनी खात्री करून घेतली.

"माझ्या हातात असतं तर तासाची केली असती," बाई म्हणाल्या. यावर सेक्रेटरींनीही टाळ्या वाजवल्या.

खोलीतून बाहेर पाऊल टाकताक्षणी सरांचा पुन्हा मेहुणा झाला. त्याने इकडेतिकडे बघून दाजींचा दंड धरला. "दाजी, किल्ली खरंच मुनीमाकडे आहे? मी मंगळवारचा भाग चुकवला."

दाजी थांबले. आयुष्यात असे क्षण फार येत नाहीत.

"वेळ घेऊन घरी ये," ते म्हणाले.

मेहुणा त्याच संध्याकाळी आला. सव्वासातलाच आला. ताईने त्याला आणि नवऱ्याला टीव्हीपुढे बसवलं, आणि कोणाच्या बाजूने बोलायचं हा प्रश्न सुटल्यामुळे स्वतः दोघांच्या मधे बसली. आठच्या आत किल्ली मुनीमाच्या खिशातून निघाली. दाजी उठून उभे राहिले, मेहुण्याने त्यांना मिठी मारली, काकूंच्या घरातून आरोळी आली, आणि खाली दवाखान्यात कोणाचीतरी दाढ, थोडी लवकरच, पण निघाली.

खात्यातली ती खोली दाजींना पुढे मिळाली. दारासकट. पण जिन्याखालच्या फळ्यावर त्याआधीच नवी नोटीस लागली होती. मजकूर बायकोचा, अक्षर दाजींचं:

'सर्व रहिवाशांस कळविण्यात येते की, या घरातील दाजी रोज साडेसात ते आठ या वेळेत पूर्णपणे बंद राहतील. होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर नाही. रहिवाशांनी सहकार्य करावे.'

काकूंनी ती या वेळी पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचली आणि समाधानाने मान हलवली. बाकी इमारतीने लांबूनच अक्षर ओळखलं आणि घरी जाऊन बादल्या भरून ठेवल्या.